फोनवरील मुलाखत : न दिसणाऱ्या माणसाशी मोकळेपणाने बोलण्यासाठी

तुम्ही विचारले आहे की, समोरासमोरच्या मुलाखती तुम्हाला फारशा जड जात नाहीत. मात्र तीच मुलाखत फोनवर असली की बोलण्याचा वेग वाढतो, उत्तर कुठे थांबवावे ते कळत नाही, पलीकडून दोन-चार क्षण आवाज आला नाही तर मन खचते आणि फोन ठेवल्यावर महत्त्वाचे सांगायचे राहूनच गेले असे वाटते. यावर सरावाने मात करता येईल का, की हा स्वभावाचाच भाग मानावा, हा तुमचा मूळ प्रश्न आहे.

उमेदवारांच्या निवडीच्या कामात मी अनेक वर्षे फोनच्या दुसऱ्या टोकाला बसत आले आहे, आणि त्या अनुभवावरून खात्रीने सांगते की हा स्वभावाचा दोष नाही. समोरासमोर बोलताना आपण निम्मे काम डोळ्यांनी करत असतो. ऐकणाऱ्याची मान हलली की आपण पुढे जातो, त्याच्या कपाळावर आठी दिसली की खुलासा करतो, त्याने कागदाकडे पाहिले की उत्तर आवरते घेतो. आणि हे सगळे इतक्या सहज घडते की आपण ते करतो आहोत याची आपल्याला जाणीवही नसते. फोनवर या सगळ्या खुणा एकदम नाहीशा होतात, आणि मग ज्यांना एरवी उत्तम बोलता येते अशी माणसेही चाचपडू लागतात. म्हणून माझे उत्तर एका सूत्राभोवती आहे : जे काम डोळे करत होते, ते एकेक करून शब्दांकडे सोपवायचे. जे तुम्हाला दिसत नाही ते विचारून घ्यायचे आणि जे मुलाखतकाराला दिसत नाही ते सांगून टाकायचे. पुढचे बहुतेक सल्ले याच सूत्रातून निघतात.

सर्वांत आधी शांततेविषयी, कारण तुमच्या त्रासाचे मूळ तिथेच आहे असे मला वाटते. तुमचे उत्तर संपल्यावर पलीकडे शांतता पसरते तेव्हा तुम्ही ती नापसंती समजता आणि ती भरून काढण्यासाठी पुन्हा बोलू लागता. प्रत्यक्षात त्या वेळी मुलाखतकार लिहीत असतो. प्राथमिक मुलाखत घेणाऱ्याच्या पुढ्यात बहुधा ठरलेल्या मुद्द्यांचा एक तक्ता असतो, आणि प्रत्येक उत्तराची नोंद करून मगच त्याला पुढचा प्रश्न विचारता येतो. उमेदवाराने एखादी चांगली गोष्ट सांगितली की ती शब्दशः टिपून घ्यावीशी वाटते, त्यामुळे सर्वांत लांब शांतता पुष्कळदा सर्वांत चांगल्या उत्तरानंतर येते. दुर्दैवाने नेमक्या त्याच वेळी उमेदवार घाबरून बोलू लागतो, आधीच्या नेटक्या उत्तराला फाटे फोडतो, कधी स्वतःच्याच विधानावर शंका घेतो, आणि टिपलेली नोंद खोडावी लागते. तेव्हा उत्तर संपले की थांबा, आणि ते संपले आहे हे शब्दांत सांगा. ‘यातला कोणता भाग अधिक सविस्तर ऐकायला आवडेल?’ किंवा ‘एवढे पुरेसे आहे का, की मी एखादे उदाहरण देऊ?’ असे विचारले की चेंडू त्यांच्याकडे जातो, आणि तुम्हाला चेहऱ्यावरून जी माहिती मिळाली असती ती कानांनी मिळते. त्यानंतर कितीही वेळ शांतता राहिली तरी ती भरून काढण्याची जबाबदारी तुमची उरत नाही.

हेच तुमच्या बाजूच्या शांततेलाही लागू आहे. समोर बसून तुम्ही पाच सेकंद विचार केलात तर विचार करणारा माणूस दिसतो. फोनवर मात्र पाच सेकंदांनी ‘हॅलो, आवाज येतोय ना?’ असा प्रश्न येतो आणि उरलीसुरली एकाग्रताही जाते. म्हणून थांबण्याआधी ‘मला या प्रश्नाचा जरा विचार करू द्या’ असे म्हणा आणि मग निवांत विचार करा. अशी घोषणा करून घेतलेला वेळ कोणत्याही समंजस मुलाखतकाराला खटकत नाही. उलट, घाईने फेकलेल्या उत्तरापेक्षा असा माणूस मला नेहमीच अधिक भरवशाचा वाटला आहे.

एकमेकांचे बोलणे एकमेकांवर आदळणे, हा दुसरा त्रास. त्याचे कारण तांत्रिक आहे, आणि ते समजले की अपराधीपणा बराच कमी होतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात १० भाषांमधील दैनंदिन संभाषणांची तुलना केली होती, आणि प्रश्न व उत्तर यांमधील अंतर सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग, इतके कमी आढळले होते. आपली बोलण्याची पाळी घेण्याची सवय इतकी बारीक वेळेवर चालते. फोनवर आवाज पोहोचायला स्वतःचा वेळ लागतो. हा एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते, पण कमकुवत नेटवर्क किंवा इंटरनेटवरून केलेला कॉल यांमुळे तो सहज वाढतो, आणि ब्लूटूथ इअरफोन त्यात आपली भर घालतात. परिणामी, तुम्हाला जी जागा मोकळी वाटते तिथे पलीकडचा माणूस आधीच बोलू लागलेला असतो. उपाय साधा आहे : प्रश्न संपला असे वाटल्यावर एक छोटा श्वास घेऊन मग बोला, आणि तरीही आदळलात तर ‘आपण बोला’ एवढे म्हणून लगेच थांबा. क्षमा मागण्यात वाक्ये घालवू नका.

आवाजाच्या स्पष्टतेबाबतही असेच एक कारण जाणून घेण्यासारखे आहे. जुन्या पद्धतीचा टेलिफोन कॉल आवाजातील साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला इतकी कंपने) एवढाच पट्टा पोहोचवतो, तर अलीकडची एचडी व्हॉइस ५० ते ७००० हर्ट्झपर्यंत जाते. मात्र त्यासाठी दोन्ही टोकांची आणि मधल्या जाळ्याची तयारी लागते, नाहीतर कॉल जुन्याच अरुंद पट्ट्यावर येतो. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारख्या व्यंजनांचा बराचसा अंश या अरुंद पट्ट्याच्या पलीकडे, त्याहून वरच्या कंपनांत असतो आणि तो गाळला जातो. त्यामुळे विशेषनामे, संस्थांची नावे, सॉफ्टवेअरची नावे आणि आकडे फोनवर हमखास बिघडतात. सात की साठ, हे एका अक्षरावर अवलंबून असते. अशा शब्दांपाशी वेग मुद्दाम कमी करा, आकडा एकदा पूर्ण आणि एकदा अंकशः सांगा, आणि कठीण नाव असेल तर त्याची अक्षरे सुटी करून सांगा. तुम्हाला प्रश्न नीट ऐकू आला नसेल तर अंदाजाने उत्तर देऊ नका. ‘आपण मागील कामातील अडचणीविषयी विचारत आहात, असे मी समजतो आहे, बरोबर ना?’ असे विचारणे ही उणीव नाही. चुकीच्या प्रश्नाचे दोन मिनिटे दिलेले सुरेख उत्तर मात्र दोघांनाही अवघडून टाकते.

साधनांची तयारी मी थोडक्यात सांगते, पण ती टाळू नका. स्पीकरफोन वापरू नका : तो खोलीचा घुमारा उचलतो आणि अनेक फोनमध्ये दोघे एकदम बोलू लागले की एका बाजूचा आवाज दाबून टाकतो. तार असलेला साधा इअरफोन सर्वांत बरा, कारण त्यात विलंबही नसतो आणि ऐन वेळी बॅटरी संपण्याची भीतीही नसते. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवून बोलतो, हे फ्रेंच वैद्य एत्येन लोंबार यांनी १९११ मध्ये नोंदवले होते. ऐकणाऱ्याला मात्र तुमच्या भोवतीचा गोंगाट नेहमीच कळतो असे नाही, त्याला फक्त चढलेला स्वर ऐकू येतो आणि तो अधीरता किंवा आक्रमकता समजला जाण्याचा धोका असतो. म्हणून शांत जागा ही केवळ सभ्यतेची बाब नाही, तिच्यामुळे तुमचा स्वर तुमचा राहतो. दुसऱ्या कॉलची सूचना देणारी कॉल वेटिंगची सोय तेवढ्यापुरती बंद करा. आणि एक गोष्ट आदल्या दिवशीच तपासा : अनोळखी क्रमांकांचे कॉल आपोआप शांत करणारी किंवा अडवणारी सोय तुमच्या फोनमध्ये चालू असेल, तर मुलाखतकाराचा कॉल वाजणारच नाही, आणि तुम्ही फोन हातात धरून वाट पाहत बसाल.

वेळ ठरवतानाच चार गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात : कॉल कोण करणार, तो किती वेळ चालेल, बोलणारे कोण आणि किती जण असतील, आणि गाव किंवा देश वेगळा असेल तर दिलेली वेळ कुठल्या घड्याळाची आहे. मुलाखतीच्या आरंभीच ‘मध्येच कॉल तुटला तर मी पुन्हा लावू की आपण लावाल?’ असेही विचारून घ्या. हे ठरले नसेल तर दोघेही एकाच वेळी एकमेकांना फोन लावतात आणि दोघांनाही व्यग्रतेचा सूर ऐकू येतो.

काही वेळा कॉल न ठरवताच येतो. तुम्ही रस्त्यात असता, कामावर असता किंवा घरात कोणी आजारी असते, आणि पलीकडून ‘आता दहा मिनिटे बोलता येईल का?’ असे विचारले जाते. नकार दिला तर संधी जाईल या भीतीने बहुतेक जण होकार देतात आणि गडबडीत स्वतःची सर्वांत वाईट बाजू ऐकवतात. तसे करण्याचे काहीच कारण नाही. ‘आपला फोन आल्याचा आनंद झाला, मी या क्षणी बाहेर आहे, अर्ध्या तासाने शांत जागेतून बोलता येईल, चालेल का?’ असे उत्तर मला मिळाले की मी त्या उमेदवाराला व्यवस्थित माणूस समजते. त्या वेळी बोलणाऱ्याचे नाव, संस्था आणि कोणत्या पदासाठी कॉल आहे हे लिहून घ्या. यामुळे खोट्या कॉलपासूनही बचाव होतो. खरी मुलाखत घेणारा माणूस परत बोलायला तयार असतो आणि बँकेचे तपशील, ओटीपी किंवा शुल्क मागत नाही.

आता उत्तरांकडे वळू. प्राथमिक फोन मुलाखत साधारण १५ ते ३० मिनिटांची असते, आणि तिचा उद्देश तुमची निवड करणे हा नसून तुम्हाला पुढच्या फेरीत पाठवावे की नाही हे ठरवणे हा असतो. पलीकडच्या व्यक्तीला बहुधा पाच-सहा गोष्टीच जाणून घ्यायच्या असतात : कामाचा मुख्य अनुभव जुळतो का, नोकरी का बदलायची आहे, या जागेविषयी खरी उत्सुकता आहे का, पगाराची अपेक्षा आवाक्यात आहे का, आणि कधी रुजू होता येईल. यांपैकी कोणताही प्रश्न अनपेक्षित नाही. तरीही पगाराच्या प्रश्नावर अडखळणारे उमेदवार मला आजही भेटतात, आणि फोनवर ते अडखळणे फार मोठे ऐकू येते. किमान आणि अपेक्षित अशी एक मर्यादा आधीच ठरवा, ती मोठ्याने उच्चारून पाहा, आणि विचारल्यावर एका वाक्यात सांगून थांबा.

समोरासमोर लांब उत्तर खपून जाते, कारण ऐकणाऱ्याला गुंतवून ठेवायला चेहरा आणि हात असतात. फोनवर ऐकणाऱ्याला तुमचे उत्तर किती लांब जाणार याचा अंदाज नसतो, म्हणून निष्कर्ष आधी सांगा आणि वाटेतील टप्पे अगोदर जाहीर करा. समजा, कठीण प्रसंग कसा हाताळला असे विचारले, तर ‘आमचा प्रकल्प तीन आठवडे मागे पडला होता आणि तो आम्ही मुदतीत पूर्ण केला, त्यात मी दोन गोष्टी केल्या’ अशी सुरुवात करा. ऐकणारा लगेच आपल्या कागदावर एक आणि दोन असे आकडे मांडून बसतो, आणि तुम्हालाही उत्तर कुठे संपवायचे ते कळलेले असते. प्रसंग काय होता, तुमची जबाबदारी काय होती, तुम्ही स्वतः काय केलेत आणि त्याचा परिणाम काय झाला, हा क्रम अनेक ठिकाणी शिकवला जातो आणि तो उपयोगी आहे; माझी भर एवढीच की फोनवर प्रसंगाचे वर्णन दोन वाक्यांत आटपा, कारण बहुतेक उत्तरे तिथेच भरकटतात, आणि ‘आम्ही’ कुठे संपते व ‘मी’ कुठे सुरू होते हे स्पष्ट ठेवा. साधारण दीड-दोन मिनिटांपेक्षा लांब उत्तर एका दमात देऊ नये.

फोनवर कागद समोर ठेवता येतो, ही या पद्धतीची एक मोठी सोय आहे, पण तिचा उपयोग जपून करावा लागतो. कागदावर पूर्ण वाक्ये लिहिलीत तर तुम्ही ती वाचाल, आणि वाचणारा आवाज लगेच ओळखू येतो : स्वर सपाट होतो, श्वास वाक्याच्या चुकीच्या ठिकाणी घेतला जातो, आणि प्रश्न थोडा वेगळा असला तरी उत्तर ठरलेलेच येते. म्हणून एकाच कागदावर मोठ्या अक्षरांत फक्त खुणेचे शब्द लिहा : चार-पाच प्रसंगांची नावे, महत्त्वाचे आकडे, विचारायचे दोन प्रश्न, आणि अगदी वर मुलाखतकाराचे नाव. बायोडेटा आणि जागेची जाहिरात शेजारी असू द्या. उत्तरे संगणकावर शोधण्याच्या मोहात मात्र पडू नका. कळफलकाचा आवाज पलीकडे स्पष्ट ऐकू येतो, आणि त्यानंतर तुमच्या खऱ्या माहितीवरही विश्वास बसत नाही.

फोनवर आपली छाप पडत नाही, असा अनेकांचा समज असतो. तो बाजूला ठेवण्यासाठी एक संशोधन सांगते. ज्युलियाना श्रोडर आणि निकोलस एप्ली या शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांनी नोकरीसाठी आपली ओळख करून दिली. मूल्यमापन करणाऱ्यांपैकी काहींनी ती नुसती वाचली, काहींनी ऐकली आणि काहींनी पाहिली. तेच शब्द आवाजातून ऐकणाऱ्यांना तो उमेदवार वाचणाऱ्यांपेक्षा अधिक विचारी आणि बुद्धिमान वाटला, आणि आवाजाला दृश्याची जोड दिल्याने त्यात फारसा फरक पडला नाही. विचार करणारे मन स्वराच्या चढउतारांतून कळते. माझा अनुभवही हेच सांगतो, आणि म्हणूनच घोकून सपाट केलेला आवाज मला सर्वांत मोठे नुकसान वाटते.

आवाजात जिवंतपणा राहावा म्हणून शरीराची मदत घ्या. वाकून, उशीला टेकून बोललात तर श्वास अपुरा पडतो आणि वाक्याच्या शेवटी आवाज विरतो. ताठ बसा किंवा उभे राहा, मात्र येरझारा घालू नका, कारण चालण्याची धाप ऐकू येते. चेहऱ्यावर हसू असले की ओठ फाकतात आणि स्वराचा पोत बदलतो. केवळ आवाज ऐकून श्रोत्यांना बोलणारा हसतो आहे हे ओळखता आल्याचे १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले होते. मुलाखतभर ओढून आणलेल्या हसूची गरज नाही, पण पहिल्या नमस्काराला आणि शेवटच्या आभारांना ते असू द्या. कोणी दिसत नसले तरी हातवारे करा. ते केल्याने बोलणे मोकळे होते. कॉलपूर्वीची धडधड दाबण्याचा प्रयत्न मात्र फारसा साधत नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ मधील प्रयोगांत, भाषणापूर्वी ‘मी शांत आहे’ असे म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मी उत्सुक आहे’ असे म्हणणारे अधिक प्रभावी बोलले. धडधड तीच असते, तिला दिलेला अर्थ वेगळा असतो, आणि कॉलच्या आधी स्वतःला हे वाक्य सांगायला काहीच लागत नाही.

सरावाबद्दल माझा आग्रह असा की तो फोनवरच करा. आरशासमोर किंवा मित्राला समोर बसवून केलेला सराव तुम्हाला नेमक्या त्या खुणा पुरवतो ज्या मुलाखतीत मिळणार नाहीत. मित्राला दुसऱ्या घरातून फोन करायला सांगा, त्याच्या संमतीने ते बोलणे ध्वनिमुद्रित करा, आणि त्याला एक सूचना द्या : प्रत्येक उत्तरानंतर दहा सेकंद गप्प राहायचे. पहिल्यांदा ते असह्य वाटेल, पण काही वेळा झाल्यावर तुम्ही ती शांतता मोकळेपणाने जाऊ द्याल, आणि तुमच्या प्रश्नातील निम्मी अडचण तिथेच सुटेल. ध्वनिमुद्रण ऐकताना स्वतःचा आवाज परका वाटतो, कारण एरवी आपण तो हवेबरोबरच कवटीच्या हाडांतूनही ऐकत असतो. त्याकडे दुर्लक्ष करून फक्त तीन गोष्टी तपासा : उत्तर किती लांबले, वाक्यांचे शेवट ऐकू येतात का, आणि ‘म्हणजे’, ‘तर’, ‘ॲक्च्युअली’ यांसारखे शब्द कुठे गर्दी करतात. मुलाखत ज्या भाषेत होणार आहे त्याच भाषेत हा सराव व्हायला हवा.

एकाहून अधिक मुलाखतकार असतील तर आरंभी नावे उतरवून घ्या, आणि आवाज ओळखता आला नाही तर ‘हा प्रश्न कोणी विचारला, हे कळेल का?’ असे सरळ विचारा. उत्तर देताना त्या व्यक्तीचे नाव घेतले की समोर बसून तिच्याकडे पाहिल्यासारखेच होते.

ज्यांना कमी ऐकू येते, ज्यांचे बोलणे अडखळते, किंवा ज्यांना केवळ आवाजावरून संवाद साधणे खरोखरच अवघड जाते, त्यांच्यासाठी एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. वेळ ठरवतानाच तसे कळवून व्हिडिओ कॉल, लेखी प्रश्न किंवा प्रत्यक्ष भेट मागावी. अनेक देशांत अपंगत्वाच्या संदर्भात अशी सोय देणे कायद्यानेही अपेक्षित आहे. ज्याला बोलताना अडखळायला होते त्याने सुरुवातीलाच ‘मी कधी एखाद्या शब्दापाशी थांबतो, कृपया कॉल तुटला असे समजू नका’ असे सांगितले, की पलीकडचा माणूस धीराने ऐकतो आणि बोलणाऱ्याचाही ताण उतरतो.

शेवटी तुम्हाला काही विचारायचे आहे का असे विचारले जाईल, आणि तेव्हा ‘नाही’ म्हणू नका. या पदावरील व्यक्तीकडून पहिल्या सहा महिन्यांत काय अपेक्षा आहे, असा कामाविषयीचा एक प्रश्न, आणि पुढची पायरी कोणती व ती साधारण कधीपर्यंत कळेल, असा दुसरा, एवढे पुरे. एखादा महत्त्वाचा मुद्दा राहिला असेल तर ‘एक गोष्ट सांगायची राहिली’ म्हणून तो याच वेळी दोन वाक्यांत सांगा. कागदावरील खुणेच्या शब्दांवर नजर फिरवली की काय राहिले ते दिसते. आभार मानून फोन ठेवल्यावर कॉल खरोखर बंद झाला आहे हे पडद्यावर पाहा आणि मगच घरच्यांशी बोला. त्याच दिवशी आभाराचा एक छोटा ईमेल पाठवा, त्यात ज्या मुद्द्यावर चर्चा रंगली होती त्याचा उल्लेख करा, आणि विचारलेले प्रश्न आठवत आहेत तोवर कागदावर उतरवून ठेवा; पुढच्या फेरीत त्यांतील काही प्रश्न अधिक खोलात जाऊन पुन्हा विचारले जातात.